कॉलेज पाहण्याचा कार्यक्रम

आमच्या लहानपणी घरातली मोठी माणसं दोनच गोष्टी पाहायला परगावी जात. एक स्थळ आणि दुसरी जागा. दोन्हीकडे चौकशीची सुरुवात पाण्यानं व्हायची. शेवटी सोलापूरचा माणूस. नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे विचारल्याशिवाय तो मुलगीही देत नाही आणि विसारही देत नाही. आता या दोन पाहण्यांत तिसऱ्याची भर पडली आहे. मुलांची बारावी झाली की आईवडील त्यांना घेऊन कॉलेज पाहायला निघतात. मे महिन्यात पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसून पाहा, अशी दोन-तीन कुटुंबं तरी भेटतील. वडिलांच्या मांडीवर प्लास्टिकची फाईल, आईच्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, आणि खिडकीशी, या मंडळींशी आपला काही संबंध नाही असा चेहरा करून बसलेलं पोर.

अशाच एका वरातीत मीही जाऊन आलो. माझ्या पुतण्याच्या मुलीची सीईटी झाली होती, निकाल लागायचा होता. तिला इंजिनिअरिंगला जायचं आहे, त्यातही इलेक्ट्रॉनिक्सला. पुतण्या घरी आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही चला की बरोबर. तुम्हाला कागदपत्रातलं कळतं." बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला घरात एवढाच मान उरतो, तो मी घेतला. पण बोलावणं या पुतण्याकडून यावं, याचं मला आश्चर्य वाटलं. त्याचं कारण पुढं येईलच.

माझं कॉलेज माझ्या वडिलांनी कधी पाहिलं नाही. ते गिरणीत होते. १९७७ साली मी दयानंदला नाव घातलं, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "चालत जाता येतं ना?" येत होतं. विषय संपला. हा प्रश्न आज हसण्यासारखा वाटतो, पण त्याच्यामागं मोठा इतिहास होता. सोलापुरात दयानंद महाविद्यालय सुरू झालं १९४० साली. त्याआधीच्या पिढीतल्या मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढं शिकायचं तर गाव सोडावं लागे, आणि गाव सोडणं गिरणीकामगाराच्या मुलाला परवडत नसे. मग १९५३ साली संगमेश्वर आलं, १९६३ साली मेडिकल कॉलेज आलं. चालत जाता येईल असं कॉलेज मिळणं हीच चैन होती. चैनीत कुणी निवड करत नाही.

निवडीचा प्रश्न आला तो १९८३ नंतर. त्या वर्षी राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. आमच्या सोलापूरचं वालचंद इन्स्टिट्यूटही त्याच वर्षीचं. गावोगाव कॉलेजं उभी राहिली आणि त्यांच्याबरोबर गुळगुळीत कागदावरची माहितीपत्रकं आली. हिरवळ, पांढरे डगले घातलेली मुलं, चकचकीत यंत्रं. मुलीचा फोटो पाहून लग्न ठरवावं, तशी माहितीपत्रक पाहून प्रवेश घेणारी माणसं मी माझ्या टेबलासमोर पाहिली आहेत.

२००१ साली शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आली. चार लाखांपर्यंत तारण नको, हप्ते शिक्षण संपल्यावर. तेव्हा मी शाखेत कर्जाचं काम पाहत होतो. एक यंत्रमाग कामगार मुलाला घेऊन आला. दूरच्या जिल्ह्यातल्या एका खासगी कॉलेजात प्रवेश मिळाला होता. माहितीपत्रक त्यानं रुमालात बांधून आणलं होतं. कागद पुरे होते, मी कर्ज मंजूर केलं. दिवाळीला मुलगा घरी आला तो परत गेलाच नाही. फोटोतली प्रयोगशाळा तिथं नव्हती आणि शिकवायला धड माणसंही नव्हती. मी बापाला विचारलं, "प्रवेश घेण्याआधी पाहून आला नव्हता का?" तो म्हणाला, "साहेब, दोघांचं जायचं-यायचं भाडं लागलं असतं की." एसटीच्या भाड्यापोटी पोराचं वर्ष गेलं. पोरगं परत आलं तरी बँकेचं कर्ज परत येत नाही. बाप पुढची कितीतरी वर्षं दर महिन्याला काउंटरवर येऊन हप्ता भरत होता. पावती घेताना तो माझ्याकडं पाहायचा नाही.

तेव्हापासून मी ज्याला त्याला सांगत आलो आहे, कॉलेज पाहून या. पण पाहायचं काय, हाही प्रश्नच आहे. अमेरिकेत राहणारे आमचे एक स्नेही सांगतात, तिकडं अर्ज करण्याआधी आईवडील मुलांना घेऊन चार-सहा कॉलेजं फिरतात. कॉलेजचाच एखादा विद्यार्थी पाहुण्यांकडं तोंड करून, उलटा चालत चालत सगळं दाखवतो. आपल्याकडं कुणी उलटं चालत नाही. फाटकावर "काय काम आहे?" असं विचारतात आणि आपण अपराध्यासारखे "नुसतं बघायचं होतं" म्हणतो.

बँकेत मी काही वर्षं शाखा तपासणीवर होतो. तिथं शिकलेली गोष्ट अशी की मॅनेजरची केबिन पाहायची नसते. ती तुमच्यासाठीच पुसलेली असते. जुनी व्हाउचरं कुठं ठेवली आहेत ते पाहायचं. कॉलेजातही हिरवळ पाहू नका. वर्कशॉपमधल्या यंत्राला बोट लावा, तेल लागतं की धूळ ते पाहा. ग्रंथालयातलं एखादं पुस्तक उघडा, ते कुणी वाचलेलं दिसतं का बघा. सूचनाफलकावरच्या कागदाची तारीख वाचा. वसतिगृहाचा नळ सोडून पाहा, मुलींचं स्वच्छतागृह आईला पाहू द्या. संध्याकाळी सातला फाटकापासून वसतिगृहापर्यंत चाला आणि दिवे मोजा. रॅगिंगविरुद्ध राज्यात १९९९ पासून कायदा आहे, पण तक्रार कुणाकडं करायची हे मुलांना तोंडपाठ आहे का, ते विचारा. नोकरीचं विचाराल तर सगळ्यांत मोठ्या पगाराचा आकडा ऐकून घेऊ नका, वर्गातल्या मधल्या मुलाला काय मिळालं ते विचारा. आणि विचारायचं ते दुसऱ्या वर्षाच्या मुलाला. पहिल्या वर्षाचा भांबावलेला असतो, शेवटच्या वर्षाचा मनानं निघून गेलेला असतो.

एवढं सगळं ज्ञान घेऊन आम्ही पुण्याला उतरलो. शिवाजीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेलो. १८५४ साली सुरू झालेली ही संस्था, विश्वेश्वरय्यांसारखा विद्यार्थी घडवलेली. २०२२ पासून ती स्वतंत्र विद्यापीठ झाली आहे. जुन्या दगडी इमारतीसमोर माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. पुतण्या मात्र भराभर पुढं चालला होता. तो शिपायाशी बोलला, मुलांशी बोलला, खिडक्यांतून प्रयोगशाळांत डोकावला. मग नदीकाठच्या बोट क्लबपाशी बराच वेळ नुसता उभा राहिला. मे महिन्यातली नदी ती, पाहण्यासारखं काही नव्हतं. तरी तो पाहत होता. त्याची बायको मला हळूच म्हणाली, "काका, हे केव्हापासून असं बघताहेत."

कधीपासून, ते मला ठाऊक होतं. १९९६ सालापासून.

त्या वर्षी तो बारावी झाला. गुण उत्तम पडले. पुण्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळत होता. माझ्या थोरल्या भावाची गिरणी बंद पडलेली, देणी अडकलेली. घरात हिशेब कळणारा मी एकटा. भाऊ माझ्याकडं आला आणि म्हणाला, "तू सांगशील तसं." मी एका स्लिपबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. फी, खोली, खानावळ, पुस्तकं, चार वर्षं. खाली रेघ मारली आणि नाही म्हटलं. आकडे बरोबर होते. पण त्या कागदावर मी एक आकडा लिहिला नव्हता. कुठून तरी कर्ज उभं करता आलं असतं आणि जामीन मी राहू शकलो असतो. मला नुकतीच बढती मिळाली होती, घराचा हप्ता चालू होता, आणि भाऊ फेडू शकला नाही तर, या भीतीनं मी तो विषय काढलाच नाही. भावालाही तो सुचला नाही. पुतण्यानं सोलापुरात बीएस्सी केलं, पुढं चादरी-टॉवेलचं दुकान टाकलं, चांगलं चालवलं. इतक्या वर्षांत तो मला एका शब्दानं बोलला नाही. आम्ही ते कॉलेज पाहायलाही गेलो नव्हतो. स्थळ न पाहताच नकार कळवला होता.

परतीच्या गाडीत पुतण्या खुशीत होता. "ठरलं. पुणंच पहिलं लिहायचं," तो म्हणाला. नात खिडकीबाहेर पाहत होती.

दोन दिवसांनी आम्ही मंगळवेढा-सांगोला करत सांगलीला गेलो. विश्रामबागेतलं वालचंद कॉलेज १९४७ सालचं. ज्यांचं नाव त्याला आहे ते वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचेच, १८८२ साली इथं जन्मले. तेवढ्या नात्यावर मी जरा ऐटीत आत शिरलो. पुतण्याला उत्साह नव्हता, तो झाडाखाली बाकावर बसून राहिला. नात एकटीच पुढं गेली. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. आई काळजी करू लागली, म्हणून मी शोधायला गेलो. ती जिन्यात बसून दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीशी बोलत होती. ती सांगोल्याकडची होती. शाळा मराठी माध्यमातली. पहिल्या वर्षी इंग्रजीतून तोंडी परीक्षा देताना रडू कसं आलं आणि दुसऱ्या वर्षी का आलं नाही, हे ती सांगत होती. नातीनं विचारलं, "घरी जावंसं कधी वाटतं?" ती म्हणाली, "रविवारी दुपारी. बाकीच्या दिवशी वेळच नसतो." दोघी हसल्या. माझ्या तपासणीच्या यादीत हा प्रश्न नव्हता.

निकाल लागला, गुण चांगले आले. दोन्ही ठिकाणी आशा ठेवावी असे. कॅपचा ऑप्शन फॉर्म भरायची वेळ आली. ज्यांच्या घरी हा प्रसंग यायचा आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं. पहिल्या पसंतीचं कॉलेज पहिल्याच फेरीत मिळालं तर ते घ्यावंच लागतं. त्यामुळं पहिल्या ओळीत जे लिहू ते पूर्ण विचारानं लिहायचं. आधी पाहून येण्याचं महत्त्व आहे ते यासाठी.

नात म्हणाली, "मी सांगली पहिलं लिहिणार."

घरात शांतता झाली. "पुणं एवढं पाहून आलो ते?" पुतण्यानं विचारलं.

"पुण्यात तुम्ही बघत होता, बाबा. मी सांगलीत बघितलं."

पुतण्यानं माझ्याकडं पाहिलं. तू सांगशील तसं, असं म्हणणारी त्याच्या बापाची नजर मी ओळखली. पुण्याच्या बाजूनं बोलण्यासारखं खूप होतं आणि मला ते सगळं माहीत होतं. मोठं शहर, मोठं नाव, मोठ्या संधी. पण एकदा मी दुसऱ्याच्या आयुष्याखाली रेघ मारून बेरीज केली होती. मी म्हणालो, "पाहून आलेल्या माणसाला लिहू दे." पुतण्या उठून गॅलरीत गेला. थोड्या वेळानं आत आला आणि मुलीला म्हणाला, "दुसरं पुणं लिही मात्र." तिनं लिहिलं.

हा निर्णय बरोबर ठरेल की नाही, हे मला सांगता येणार नाही. पहिली फेरी अजून लागायची आहे. एवढं मात्र पटलं आहे की कॉलेज पाहायला जातो तेव्हा आपण पोरांपेक्षा आपलंच राहून गेलेलं काही शोधत असतो. तसं करायला हरकत नाही. फक्त थोडा वेळ बाकावर बसावं आणि पोराला एकट्यानं जिन्यापर्यंत जाऊ द्यावं.

मग पैशांचं बोलणं निघालं. २०२४ च्या जुलैत सरकारनं आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास गटांतल्या, वर्षाला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. फार मोठी गोष्ट झाली. पण खोली, मेस, प्रवास हे माफ होत नाही आणि घरं अडतात ती तिथंच. तेव्हा गरज पडली तर कर्ज काढू, असं ठरलं. मी घसा साफ केला आणि तीस वर्षं उशिरा ते वाक्य बोललो, "जामीन मी राहतो."

पुतण्या हसला. "काका, साडेसात लाखांपर्यंत आता तारण लागत नाही की जामीनदार लागत नाही. गाडीत तुम्हीच सांगितलं की."

खरंच, मीच सांगितलं होतं. मला काय बोलावं सुचेना. मग तोच म्हणाला, "तुम्ही फक्त तिला सोडायला चला."

तिकिटं मी काढणार आहे.