कायद्याला दोन्ही पक्षांचा हातभार

लोकसत्ताक राज्यांत कायदे बहुमतानें होतात, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु स्वपक्षाचें बहुमत असूनहि कधीं कधीं कायदा अडून राहतो. अमेरिकेंतील १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा हें याचें बोलकें उदाहरण होय.

त्या वेळीं दक्षिणेकडील कित्येक राज्यांत कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या शेजारीं बसून जेवण्याची मुभा नव्हती. हॉटेलें, उपाहारगृहें व नाट्यगृहें यांतील वर्णभेदास बंदी घालणारें विधेयक अध्यक्ष केनेडी यांनीं जून १९६३ मध्यें विधिमंडळाकडे पाठविलें. नोव्हेंबरांत त्यांचा खून झाला व धुरा लिंडन जॉन्सन यांजकडे आली.

सेनेटच्या १०० जागांपैकीं ६७ जागा जॉन्सन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या होत्या. मग अडचण कोणती? त्याच पक्षाचे दक्षिणेकडील बहुतेक सभासद विधेयकाचे कट्टर विरोधक होते. सेनेटमध्यें सभासदास हवा तितका वेळ बोलतां येतें; अखंड भाषणें करून मतदानच होऊं न देणें, हें तेथील जुनें हत्यार. चर्चा बंद करण्यास तेव्हां दोनतृतीयांश मतें लागत. रिपब्लिकन पक्षाच्या साहाय्यावांचून तीं मिळणें अशक्य होतें.

प्रतिनिधिगृहांत ओहायोचे रिपब्लिकन सभासद विल्यम मॅकलॉक यांनीं पाठिंबा दिला; परंतु सेनेटमध्यें विधेयक दुबळें होऊं नये आणि श्रेयाचा वाटा आपल्या पक्षालाहि मिळावा, अशी अट घातली. १० फेब्रुवारी १९६४ रोजीं तेथें २९० विरुद्ध १३० मतांनीं विधेयक संमत झालें. सेनेटमध्यें तें पुढें नेणारे ह्यूबर्ट हंफ्री यांनीं रिपब्लिकनांचे नेते एव्हरेट डर्क्सन यांच्या कचेरींत जाऊन वाटाघाटी केल्या. त्यांनीं सुचविलेल्या दुरुस्त्याहि पुष्कळशा स्वीकारल्या. जेथें राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तेथें तक्रारीला प्रथम तिच्याकडे संधि मिळावी, आणि भेदभावाची रीतच पडली असेल तेथें केंद्रसरकारनें खटला भरावा, अशा त्या होत्या. मार्ग बदलला; मुक्काम तोच राहिला.

१० जून रोजीं चर्चाबंदीच्या ठरावास ७१ मतें मिळालीं. त्यांत ४४ डेमोक्रॅट व २७ रिपब्लिकन होते. मेंदूच्या विकारानें वाचा गेलेले कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल चाकांच्या खुर्चींतून आले व त्यांनीं डोळ्याकडे बोट नेऊन मत दिलें. इंग्रजींत ‘डोळा’ आणि मतदानांतील ‘होकार’ यांचा उच्चार एकच आहे. २ जुलै रोजीं कायद्यावर अध्यक्षांची सही झाली.

प्रतिपक्षास मान द्यावा, श्रेय द्यावें, त्याची सूचनाहि घ्यावी. परंतु तडजोड कोठें थांबवावयाची, याची खूण आधींच मनाशीं बांधावी. या कायद्यापुरती ती खूण सोपी होती: दुरुस्ती झाल्यावरहि, उपाहारगृहाच्या दारांतून परत पाठविलेल्या माणसास आंत बसून जेवतां येईल काय?