ढोलावर बंदी आली, म्हणून लोकांनी पिंपं वाजवली! गोवा ते त्रिनिदाद, कार्निव्हलची खरी गोष्ट

फेब्रुवारी आला की इन्स्टावर गोवा कार्निव्हलच्या रील्सचा पाऊस पडतो. रंगीबेरंगी फ्लोट, मुखवटे, ब्रास बँड आणि गाडीवर उभा राहून हात हलवणारा मुकुटधारी किंग मोमो. कोल्हापूरहून गाडी काढायची, आंबोली घाट उतरायचा, पणजीत परेड बघायची आणि परत यायचं, हा बऱ्याच ग्रुपचा ठरलेला बेत असतो.

पण ही परेड नेमकी कधीपासून सुरू झाली? जगभर प्रसिद्ध असलेल्या त्रिनिदादच्या कार्निव्हलशी तिचं काय नातं आहे?

कार्निव्हल फेब्रुवारी-मार्चमध्येच का येतो?

कॅथलिक परंपरेत ईस्टरच्या आधी लेंट म्हणजे ४० दिवसांचा उपवासाचा काळ असतो. त्याची सुरुवात राखेच्या बुधवारी होते. एकदा उपवास सुरू झाला की मांस, नाचगाणी, चैन बंद. म्हणून त्याआधीचे दिवस खाऊन-पिऊन साजरे करायची पद्धत युरोपात पडली. आपल्याकडे श्रावण लागायच्या आधी आखाड पार्ट्या होतात, तसंच काहीसं.

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, त्यामुळे कार्निव्हलचीही बदलते. २०२६ मध्ये राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला, म्हणून गोव्यात कार्निव्हल १४ ते १७ फेब्रुवारी.

गोव्यात आधी काय होतं?

पोर्तुगीजांसोबत हा सण गोव्यात आला. कोकणीत त्याला 'इंत्रूज' म्हणतात. लोक एकमेकांवर पीठ, रंग, पाणी उडवायचे. आपली रंगपंचमीच म्हणा ना.

त्याहून महत्त्वाचा होता 'खेळ'. साष्टीतल्या गावांमध्ये कलाकारांचे गट मोकळ्या जागेत किंवा मोठ्या घरांच्या अंगणात छोटी नाटकं करायचे. बायकांच्या भूमिकाही पुरुषच करायचे. गाणी, विनोद आणि त्यात गावच्या भाटकाराची म्हणजे जमीनदाराची यथेच्छ टिंगल. एरवी ज्याच्यापुढे मान खाली घालायची, त्यालाच या दिवसांत हसता यायचं. पुढे हाच प्रकार स्टेजवर गेला आणि खेळ-तियात्र म्हणून नावारूपाला आला.

चांदर गावात तर याच दिवसांत 'मुसळ खेळ' होतो. ख्रिस्ती गावकरी हातात मुसळ घेऊन नाचतात. चांदर म्हणजे कदंबांची जुनी राजधानी चंद्रपूर.

मग फ्लोट कुठून आले?

पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या काळात कार्निव्हलचा जोर ओसरला होता. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि १९६५ मध्ये पणजीत कार्निव्हल नव्या रूपात सुरू झाला. तिमोतेओ फर्नांडिस पहिले किंग मोमो झाले. 'खा, प्या, मजा करा' असं फर्मान काढणारा राजा आणि फ्लोटची परेड, हे आजचं चित्र तिथून पुढचं.

पर्यटन वाढलं तसे फ्लोटवर कंपन्यांचे बॅनरही आले. चर्चनेही वेळोवेळी सांगितलंय की ही परेड म्हणजे धार्मिक सण नाही.

त्रिनिदादमध्ये काय वेगळं घडलं?

कॅरिबियन समुद्रातल्या या बेटावर १७८३ नंतर फ्रेंच मळेवाले आले, सोबत आफ्रिकन गुलाम आणले. कार्निव्हलला मालक लोक बॉल डान्स करायचे. गंमत म्हणून ते मळ्यातल्या गुलामांचं सोंगही घ्यायचे. खऱ्या गुलामांना मात्र त्यात जागा नव्हती.

१८३८ मध्ये गुलामगिरीतून पूर्ण सुटका झाली आणि हेच लोक रस्त्यावर उतरले. मळ्यात उसाला आग लागली की त्यांना मध्यरात्री मशाली घेऊन हाकललं जायचं. त्या आठवणीची त्यांनी मिरवणूक केली. मशाली, ढोल, लाठ्या. नाव पडलं 'कानबुले', म्हणजे जळका ऊस.

ब्रिटिश सरकारला हे खुपलं. १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन शहरात पोलिसांनी मिरवणूक अडवली आणि दंगल झाली. १८८४ मध्ये कायदा करून ढोल आणि मशालींवर बंधनं आली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतीय मजुरांच्या मोहरमच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला, अनेकांचा जीव गेला. या मिरवणुकीत हिंदूही असायचे. कोल्हापूर भागात पीर-पंजांना सगळे मिळून जातात, तसेच.

बंदीतून वाद्य कसं जन्मलं?

ढोल गेला, पण ताल राहिला. लोकांनी वेगवेगळ्या लांबीचे बांबू जमिनीवर आपटून संगीत सुरू केलं. त्याला 'तांबू बांबू' म्हणतात. १९३० च्या दशकात बिस्किटांचे डबे, पत्र्याची झाकणं वाजू लागली. त्यानंतर तेलाची रिकामी पिंपं हाती आली.

पिंपाचा तळ हातोडीने ठोकून वाटीसारखा खोल करायचा. त्यावर लहान-मोठे भाग पाडायचे. मोठ्या भागातून खालचा सूर, लहान भागातून वरचा. हेच स्टीलपॅन. १९९२ मध्ये ते त्रिनिदाद-टोबॅगोचं राष्ट्रीय वाद्य झालं.

यात भारताचं काय?

३० मे १८४५ ला 'फातेल रझाक' जहाजातून पहिले भारतीय मजूर त्रिनिदादला पोहोचले. त्यांच्यासोबत ढोलकही तिथे रुजला. १९७० च्या दशकात लॉर्ड शॉर्टी या गायकाने तिथल्या कॅलिप्सो गाण्यात भारतीय ताल मिसळले आणि 'सोका' संगीत जन्मलं. १९८७ मध्ये द्रौपती रामगुणाई या गायिकेमुळे 'चटणी सोका' गाजलं. आज कार्निव्हलच्या दिवसांत ते हमखास वाजतं.

आता गोव्याला गेलात तर?

गोवा आणि त्रिनिदाद, दोन्हीकडे सण बाहेरून आला. ज्यांना एरवी बोलायची सोय नव्हती, त्यांनी तो आपलासा केला. कुणी पिंप वाजवलं, कुणी भाटकाराची नक्कल केली.

पणजीची परेड बघाच, फोटोही काढा. पण एक संध्याकाळ राखून ठेवा. मडगावच्या बाजूला खेळ-तियात्र कुठे आहे, हे तिथल्या माणसांना विचारा. कोकणी थोडी कळली तरी पुरे, कारण टिंगल कुणाची चाललीय हे प्रेक्षकांच्या हसण्यावरून लगेच समजतं. आजकाल त्यात आमदार-मंत्रीही सुटत नाहीत.