एसीचा क्लच: अख्खा कॉम्प्रेसर बदलण्याआधी

नवतपा सुरू आहे, रायपूरच्या सदर बाजारात सराफांच्या दुकानांसमोर गाडी अडकलीय आणि एसीतून गरम हवा येतेय. गॅरेजमध्ये एकच उत्तर मिळतं, "कॉम्प्रेसर गेला." पैसे काढायची घाई करू नका. सकाळी थंड आणि इंजिन तापल्यावर गरम हवा येत असेल, तर दोष अनेकदा फक्त क्लचमध्ये असतो.

कॉम्प्रेसरची पुली बेल्टवर सतत फिरते. एसी लावला की कॉइलचं चुंबक समोरची प्लेट ओढून पुलीला चिकटवतं; तोच तो 'टक्' आवाज. प्लेट झिजली की मधली फट वाढते आणि तापलेल्या कॉइलची ओढ कमी पडते. ही फट साधारण अर्धा मिलिमीटर असते. बऱ्याच गाड्यांत प्लेटमागचा एखादा शिम, म्हणजे पातळ वॉशर, काढला की ती पुन्हा जुळते. गॅसही सोडावा लागत नाही!

त्याआधी फ्यूज, रिले आणि गॅसचा दाब तपासून घ्या. गॅस कमी असला तरी क्लच लागत नाही. एसी बंद असतानाही घरघर येत असेल, तर पुलीचं बेअरिंग बघायला सांगा. इंजिन बंद करून प्लेट हाताने फिरवून बघा. फिरलीच नाही, तर कॉम्प्रेसर जाम आहे आणि गॅरेजवाला खरं बोलतोय.