स्कोअर फुप्फुसाचा, नुकसान मांडीचं

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्रातल्या घराघरांत दोन आकडे तोंडपाठ होते: ऑक्सिमीटरवरचा, आणि फुप्फुसाच्या एचआरसीटी स्कॅनचा पंचवीसपैकी स्कोअर. पेशंट घरी आला, ऑक्सिजन ९६ दिसला, की नातेवाईक निर्धास्त व्हायचे. मग तो कमोडवरून उठायला जायचा आणि मांड्या लटपटायच्या. जिन्याच्या चौथ्या पायरीवर धाप लागायची. सगळ्यांना वाटायचं, फुप्फुसं अजून सुधारलेली नाहीत.

पुष्कळदा त्यात पायांचाही मोठा वाटा असायचा. अतिदक्षता विभागात स्नायू किती झपाट्यानं झडतात, हे ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१३मध्येच मोजून दाखवलं होतं. पहिल्या दहा दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूची जाडी दाखवणारा छेद सरासरी जवळपास १८ टक्क्यांनी घटला होता. कोविडमध्ये त्यात स्टेरॉइडची भर पडली. डेक्सामेथासोननं जीव वाचवले यात वाद नाही, पण स्टेरॉइड लांबलं की खुबा आणि मांडीभोवतीचे स्नायू आधी दुबळे होतात. दुबळा स्नायू थोड्याच कामात थकतो, रक्तात लॅक्टेट लवकर वाढतं आणि ते निस्तरायला श्वास वाढतो. म्हणून फुप्फुस बऱ्यापैकी सावरलेलं असतानाही दम लागतो.

आपण मात्र तीन चेंडूंच्या यंत्रामागे लागलो. ते श्वास आत ओढून चेंडू वर उचलण्यासाठी असतं. कित्येक जण त्यात फुंकत बसले. कुणी फुगे फुगवायला घेतले. श्वासाच्या व्यायामांना त्यांची जागा आहे, पण चेंडू कितीही उचलले तरी जमिनीवर मांडी घालून बसलेल्याला उठता येत नाही.

फिजिओचं काम पेशंट खाटेवर असतानाच सुरू होतं: पालथं झोपवणं, टेकवून बसवणं, पाय खाली सोडून बसवणं, मग आधारानं उभं करणं. घरी आल्यावर सर्वांत कामाचा व्यायाम दिसायला अगदी साधा आहे. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. एका मिनिटात किती वेळा जमतं, ऑक्सिजन किती उतरतो आणि परत वर यायला किती वेळ लागतो, हे फिजिओ टिपून ठेवतो. सहा मिनिटं चालण्याची चाचणी तेव्हा राज्याच्या आरोग्य विभागानं घरोघर पोचवली, ती पेशंटला रुग्णालयात हलवायचं कधी हे कळावं म्हणून. तीच चाचणी फिजिओ पुढची प्रगती मोजायला वापरतो.

खरी मेख व्यायामाच्या डोसात आहे. शून्य ते दहाच्या पट्टीवर दम तीन-चारच्या आसपास राहावा, चालताना वाक्य पूर्ण करता यावं, हा साधारण हिशेब. पण काहींच्या बाबतीत हाही फसतो. आज बरं वाटलं म्हणून भाजी आणायला गेले आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळले. अशांना ‘रोज थोडं वाढवा’ हा सल्ला घातक ठरतो. वर्ल्ड फिजिओथेरपी या जागतिक संघटनेनं २०२१मध्येच त्याबद्दल सावध केलं होतं. त्यांना आधी शक्ती पुरवून वापरायला शिकवावं लागतं: अंघोळ बसून, स्वयंपाक टप्प्याटप्प्यानं, थकण्याआधी विश्रांती. घरात मात्र एक जण ‘हलूच नकोस’ म्हणतो, दुसरा ‘आळस सोड’ म्हणून पहाटे फिरायला ओढतो. दोघांचीही माया खरी, सल्ला मात्र दोघांचाही चुकीचा.

गंमत म्हणजे भारतात फिजिओथेरपीचं शिक्षण रुजलं तेच साथीतून. १९५०च्या दशकात, पोलिओच्या साथीनंतर, मुंबईच्या केईएम रुग्णालयात ते सुरू झालं. फिजिओथेरपिस्टना राष्ट्रीय कायद्याच्या चौकटीत आणणारा कायदा झाला मार्च २०२१मध्ये, दुसरी लाट चढत असताना. तरीही किती डिस्चार्ज कार्डांवर गोळ्यांची लांबलचक यादी होती आणि व्यायामाची एक ओळही नव्हती!

ब्रिटनमध्ये कोविडनंतरचा त्रास उरलेल्या ५८५ जणांवर झालेल्या ‘रिगेन’ चाचणीचे निष्कर्ष २०२४मध्ये आले. आठ आठवडे, घरबसल्या, ऑनलाइन गटात, देखरेखीखाली व्यायाम आणि मानसिक आधार. एकदाच सल्ला मिळालेल्यांपेक्षा या गटाचं जगणं थोडं सुकर झालं आणि तो फरक वर्षभरानंतरही टिकला. फायदा माफकच होता. पण यात घेतलेले सगळे रुग्णालयातून सुटून किमान तीन महिने झालेले होते. उशिरा सुरू करूनही उपयोग होतो, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.