मदतपानातली छोटी चूक

सौंसर तालुक्यातल्या रामाकोना या गावाच्या नावात अक्षरं किती? वाचणारा चार म्हणेल. युनिकोडमध्ये काना, मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, म्हणून तिथे आठ चिन्हं होतात. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे हे नाव साठवायला २४ बाइट.

आता ‘विम’ हा टेक्स्ट एडिटर घ्या. ब्राम मूलेनार यांनी तो १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातलं ‘स्ट्रलेन’ हे फंक्शन बाइट मोजतं, त्यामुळे रामाकोना दिलं की उत्तर २४ येतं. समजा, या फंक्शनची माहिती देणाऱ्या मदतपानात कुणी बाइटऐवजी ‘अक्षरं’ असं लिहिलं. साध्या इंग्रजी मजकुरावर काम करणाऱ्याला ही चूक जाणवणारच नाही, कारण तिथे एका अक्षराला एकच बाइट पुरतो. ठेच लागेल ती मराठीत लिहिणाऱ्याला.

प्रोग्राममधली चूक चाचणीत सापडू शकते. मदतपानातलं चुकीचं वाक्य मात्र माणसानेच वाचून शोधावं लागतं. दुरुस्ती पाठवणं अवघड नाही. ‘-u’ पर्याय दिला की ‘डिफ’ हा प्रोग्राम जुनी ओळ वजा चिन्हाने आणि नवी ओळ अधिक चिन्हाने दाखवतो. लॅरी वॉल यांचा १९८५ सालचा ‘पॅच’ तो बदल मूळ फाइलीत बसवतो. विमची मदतपानं म्हणजे साध्या मजकुराच्या फाइली, त्या सुधारायला प्रोग्रामर असावं लागत नाही. मराठी टाइप करणाऱ्यांनी ती जरूर वाचावीत आणि चूक दिसली की दुरुस्ती पाठवावी.