बँकेतली 'लाईन' जाते म्हणजे काय होतं?

स्कॉलरशिपचे पैसे काढायला पालक बँकेत जातात, पेन्शनसाठी बुजुर्ग जातात, आणि काउंटरवरून उत्तर येतं, "लाईन नाही, नंतर या." ही लाईन आहे तरी काय?

कोअर बँकिंग आल्यापासून आपल्या खात्याचा हिशोब शाखेत नसतो, तो दूरच्या डेटा सेंटरमध्ये असतो. शाखा आणि एटीएम तिथवर जोडणारं जाळं म्हणजे नेटवर्क. जुन्या पद्धतीत या जाळ्यातला प्रत्येक राउटर आपापल्या पुरता निर्णय घेतो. नियम बदलायचा तर एकेका यंत्राची सेटिंग बदलावी लागते. शेकडो शाखा असतील तर हे काम किती दिवस चालेल, विचार करा.

यावरचा उपाय म्हणजे सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंग, थोडक्यात एसडीएन. शाळेचं उदाहरण घेऊ. एखादे सर गैरहजर असले तर कोणत्या वर्गावर कोणाला पाठवायचं, हे प्रत्येक शिक्षक आपल्या मनाने ठरवू लागला तर गोंधळच होईल. सगळं वेळापत्रक समोर असलेली एक व्यक्ती ते लगेच ठरवते. एसडीएनमध्ये हे काम कंट्रोलर नावाचं सॉफ्टवेअर करतं. वाट कंट्रोलर ठरवतो, माहिती वाहून नेण्याचं काम यंत्रं करतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातून 2008 साली पुढे आलेल्या 'ओपनफ्लो'मुळे ही कल्पना रुजली.

शाखांसाठी याचंच रूप म्हणजे एसडी-वॅन. एरवी शाखेची दुसरी लाईन बरेचदा नुसती पडून असते. एसडी-वॅन दोन्ही लाईन वापरतं. एक मंदावली तर ती पूर्ण बंद पडायची वाट न पाहता व्यवहार दुसरीवर वळवतं. पैसे काढणं आधी, कॅमेऱ्याचं चित्रीकरण नंतर, असा क्रमही लावता येतो.

पण हा सगळ्यावरचा इलाज नाही. 21 नोव्हेंबर 2020 ला एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरची वीज गेली आणि ऑनलाइन सेवा ठप्प झाली. मुक्कामाचं ठिकाणच अंधारात असेल तर वाट कितीही चांगली असून काय उपयोग? शिवाय कंट्रोलर एकच ठेवला आणि तो बंद पडला किंवा चोराच्या हाती लागला, तर सगळं जाळं धोक्यात येतं. म्हणून तो एकापेक्षा जास्त ठिकाणी आणि कडक पहाऱ्यात ठेवावा लागतो.

आपल्या हातात काय आहे? रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम लक्षात ठेवा. एटीएममधून नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून पैसे कापले गेले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत बँकेने ते परत करायचे. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. पावती किंवा एसएमएस जपून ठेवा आणि तक्रार लेखी द्या.