झाशीच्या कातळात पाणी वरच असतं

"अजून शंभर फूट जा, पाणी लागेलच." झाशीच्या आसपास बोअर कोरडी गेली की हा सल्ला हमखास मिळतो, आणि त्यापायी शेतकरी कर्ज काढतो. सल्ला चुकीचा आहे. गंगेच्या गाळात वाळूचे पाणीदार थर एकाखाली एक असतात. तिथे खोल जाण्याला अर्थ आहे. झाशी उभी आहे ती बुंदेलखंडच्या ग्रॅनाइटवर, सुमारे अडीचशे कोटी वर्षं जुन्या कातळावर. अखंड ग्रॅनाइटमध्ये पाणी मावायला जागाच नसते. ते मावतं वरच्या मुरमात आणि त्याखालच्या भेगांत. खोल जावं तसा वरचा भार वाढतो आणि भेगा मिटत जातात. एखादी खोल भेग लागतेही, पण तिच्यात पाणी वरूनच उतरतं. मग तुमची बोअर चालली की शेजाऱ्याची विहीर आटते. हे नवं पाणी नव्हे! दख्खनच्या काळ्या कातळाचंही बरंचसं असंच आहे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरहून खोल विहिरींवर बंधनं घातली, ती उगाच नाहीत.

दुसरा गैरसमज शिकलेल्यांचा: भूजलपातळीच्या वरचा थर, म्हणजे व्हॅडोज झोन, कोरडा असतो. व्हॅडोसस या लॅटिन विशेषणाचा अर्थच मुळी उथळ पाण्याचा, पायी पार होण्याजोगा. फ्रांत्स पोशेप्नी या खनिजतज्ज्ञाने १८९३ मध्ये जमिनीखालच्या उथळ पाण्यासाठी हा शब्द वापरला. या थरात हवा आणि पाणी दोन्ही असतात. मातीने धरून ठेवलेलं हे पाणी विहिरीत येत नाही, पण पिकाच्या मुळांना मिळतं. पाऊस भूजलापर्यंत पोचतो तोही यातूनच.

बाकीच्या समजुतीही अशाच. पाणी शोधणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ हाताच्या नकळत हालचालीने उभा राहतो, पाण्यामुळे नाही. ग्रॅनाइटखाली नद्या वाहत नाहीत. आणि "पाऊसच नाही" हेही खरं नाही: झाशीत वर्षाला सरासरी ८५० मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण बहुतेक पावसाळ्यातच, आणि कातळावरून वाहून जातो.

तो अडवायची बुंदेलखंडची जुनी रीत म्हणजे हवेली. पावसाळ्यात शेतालाच बांध घालून पाणी साठवायचं, ऑक्टोबरच्या सुमारास सोडायचं आणि त्या ओलीवर रब्बी पेरायची. झाशीची केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था आणि इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था यांनी जिल्ह्यातल्या परासई-सिंध पाणलोटात हवेली दुरुस्त केली, नाल्यांवर बंधारे घातले. तिथल्या उघड्या विहिरींची पातळी काही मीटरनी वर आली.